पुस्तकाच्या दुकानात लेखक बोलावताय? या चुका टाळा

चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली आणि पाऊस ओसरला की म्हापशातल्या आमच्या दुकानात पुढच्या चार-पाच महिन्यांची वही उघडते. दुकान मित्राचं. मी शनिवारी गल्ल्यावर बसतो आणि लेखकांच्या भेटी, वाचनं, कार्यशाळा यांची धावपळ बघतो. यंदा वहीचं पहिलं पान तारखांना दिलं नाही. आजवर काय काय फसलं ते तिथं लिहून काढलं. दुसऱ्या गावांतले दुकानदार, वाचनालयवाले आणि पुस्तक काखेत मारून फिरणारे लेखक यांच्याही कामी येईल, म्हणून ते जरा विस्तारानं सांगतो.

दुकानाला सभागृह समजणं

बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून निघतात. आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की डोळ्यांसमोर कला अकादमी येते, फोंड्याचं कला मंदिर येतं, साखळीचं रवींद्र भवन येतं. मग ओघानं समई, ईशस्तवन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय समारोप आणि आभार. आमच्या पहिल्या कार्यक्रमात हा सगळा बारदाना आम्ही तीनशे चौरस फुटांत बसवला. पंखा चालू ठेवला की समई विझायची, बंद केला की पाहुणे घामाघूम. चौथ्या काडीला कुणीतरी म्हणालं, "अहो, जपून, मागे कागद आहे." मागे दुकानभर कागदच होता!

व्यासपीठ हवं म्हणून गल्ल्याचं टेबल पुढं ओढलं, त्यावर फुलदाणी ठेवली. त्यामुळे बिल करायला जागाच उरली नाही. दीड तासात लेखिकेच्या वाट्याला वीस मिनिटं आली. पुस्तकं खपली चार, त्यातली दोन तिच्या दिरानं घेतली.

आता आम्ही दोन खुर्च्या मांडतो. एका खुर्चीत लेखक, दुसरीत त्याला बोलतं करणारा. चाळीस मिनिटं गप्पा आणि वाचन, वीस मिनिटं प्रश्न. गल्ला जागचा हलत नाही. चहाचा थर्मास दुकानाच्या अगदी आतल्या टोकाला ठेवतो, म्हणजे कपापर्यंत पोचायला माणसाला सगळ्या कपाटांवरून जावं लागतं. ही युक्ती मित्राच्या बायकोची, आणि दुकानाच्या इतिहासातली सर्वांत फायद्याची. शालीऐवजी लेखकाला म्हणतो, दुकानातलं हवं ते एक पुस्तक उचला. बहुतेक जण अर्धा तास शोधत बसतात, आणि मग वाचकही त्यांच्याभोवती रेंगाळतात.

बोलतं करणारा कोण हे ठरवतानाही सभागृहाची सवय आड येते. पद बघून माणूस निवडला जातो. त्यानं पुस्तक वाचलेलं नसतं, मग "लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली?" यावर दहा मिनिटं जातात. आमची अट एवढीच, की त्यानं पुस्तकातल्या तीन पानांवर खुणा करून आणाव्यात. शिक्षक, बँकेतले निवृत्त, एकदा तर फार्मसीवाला, सगळ्यांनी हे काम उत्तम केलं आहे.

शंभरावर माणसं येतील असं खरंच वाटत असेल तर दुकानाचा हट्ट सोडा. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे. पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ज्याचा वारसा थेट 1832पर्यंत जातो. तिथं कार्यक्रम करा आणि दारात पुस्तकांचं टेबल लावा.

पंचांग न बघता तारीख देणं

पुण्या-मुंबईचा लेखक विचारतो, "शुक्रवारी संध्याकाळी जमेल? शनिवार-रविवार मग गोवा फिरतो." आपण हुरळून हो म्हणतो. शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी पाऊण तास गाडीला जागा शोधणाऱ्या माणसाला साहित्याची ओढ उरत नाही. प्रत्येक गावाचा असा एक वार असतो, तो आधी विचारून घ्या.

मग सणवार. बोडगेश्वराची जत्रा पौष पौर्णिमेच्या सुमारास, आणि तिची फेरी, म्हणजे दुकानांचा बाजार, नंतरही बरेच दिवस चालते. मिलाग्र सायबिणीचं (मेरी मातेचं) फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, ईस्टरनंतर साधारण पंधरा दिवसांनी, सोमवारी. म्हापशात दोन्हीकडे दोन्ही समाजांचे लोक जातात, त्यामुळे "आपला सण नाही" हा हिशेब इथं चालत नाही. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो आणि वाचणारे बरेचसे लोक तिकडं पळालेले असतात. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, 19ला मुक्तिदिन. त्यानंतर नाताळापासून नव्या वर्षापर्यंत बाहेरचा लेखक बोलावणं म्हणजे हॉटेलचं बिल भरून दिवाळं काढणं. पुढं कार्निव्हल, शिमगा, परीक्षा. चाळून चाळून हाताला मोजके शनिवार लागतात, ते ऑक्टोबरातच राखून ठेवा.

वेळेचंही तेच. दुपारी एक ते साडेतीन गोवा आडवा झालेला असतो आणि चार वाजता तो चहा पीत असतो. साडेपाचला सुरू करून सातला संपवा. सातनंतर पेडण्याकडं, डिचोलीकडं जाणाऱ्या बसगाड्या विरळ होत जातात, आणि वाचकांची नजर लेखकावरून घड्याळाकडं वळते.

भाषा न सांगणं

हा विषय नाजूक आहे, म्हणूनच तो पत्रिकेवर छापायचा राहतो. गोव्याचा राजभाषा कायदा 1987 सालचा. कोकणी राजभाषा, सरकारी कामकाजात मराठीच्याही वापराला मुभा. त्यावरून झालेली भांडणं आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहेत. पण दुकानात येणारा माणूस घरी कोकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो आणि मुलीसाठी इंग्रजी पुस्तक नेतो. बोरीचे बाकीबाब बोरकर दोन्ही भाषांत कविता लिहीत, आणि आपण वाचकाकडं मात्र एकाच भाषेचा दाखला मागतो.

आमची चूक अशी झाली. एका मराठी कथाकाराच्या गप्पांत मागच्या रांगेतली एक बाई हात वर करायची आणि खाली घ्यायची. शेवटी चहाच्या वेळी हळूच म्हणाली, "म्हाका कोंकणींत विचारपाचें आशिल्लें." तिचा प्रश्न त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि तो थर्मासपाशी विचारला गेला. तेव्हापासून पत्रिकेवर एक ओळ असते: 'गप्पा मराठीत, प्रश्न कोकणी-मराठी-इंग्रजी कशातही.' बाहेरच्या लेखकाला कोकणी कळेल की नाही याची काळजी नको. नाही कळलं तर शेजारचा सांगतो, आणि त्यात दोन मिनिटं हसण्यात बरी जातात.

लेखक पोचला, पुस्तकं नाहीत

पुण्याहून पुस्तकं बहुधा रात्रीच्या खासगी बसच्या डिकीतून येतात. पावसाळ्यात आंबोली किंवा चोर्लाच्या घाटात दरड आली की गठ्ठा अडकतो, आणि कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकावर सावकाश चालते. आमच्याकडं एकदा रविवारच्या कार्यक्रमाची पुस्तकं सोमवारी दुपारी उतरली. पुस्तकं पंधरा दिवस आधी मागवा. तरीही फसलंच, तर पांढऱ्या चिकट लेबलांवर लेखकाच्या सह्या घेऊन ठेवा आणि वहीत नाव, फोन, आगाऊ रक्कम लिहा. पुस्तक आलं की पहिल्या पानावर लेबल चिकटवून द्या. त्या रविवारी आम्ही तसं केलं आणि एकोणीस प्रती गेल्या. पुस्तकं समोर असती तर एवढ्या गेल्या असत्या का, याची मला अजून शंका आहे.

प्रकाशकाचं "उरलेल्या परत घेऊ" हे तोंडी वाक्य मोलाचं नाही. किती दिवसांत, भाडं कुणाचं, कोपरे दुमडलेल्या प्रती घेणार की नाही, हे सगळं लिहून मागा. दुसरी भानगड लेखकाच्या झोळीची. तो घरच्या तीस प्रती घेऊन येतो, ओळखीच्यांना परस्पर सवलतीत देतो, आणि दुकानात मागवलेला गठ्ठा तसाच राहतो. त्यात वाईट हेतू नसतो, लेखकाला वाटतं आपण मदतच करतोय. म्हणून आदल्या आठवड्यातच विचारा: प्रती तुमच्या की आमच्या? तुमच्या असतील तर दुकानाचं कमिशन किती? छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण कार्यशाळेच्या शुल्कालाही तोच नियम लागेल असं धरून चालू नका. हिशेबनिसाला एक फोन करा.

"येतो" म्हणणाऱ्यांची मोजणी

व्हॉट्सॲपवर साठ जणांनी अंगठा दाखवला, खुर्च्या साठ आणल्या, आले सतरा. आपल्याकडं माणूस निरोप घेतानासुद्धा "येतो" म्हणतो, कोकणीत "येतां" म्हणतो आणि निघून जातो. मग त्या शब्दाची बेरीज कशी करायची? आता आम्ही पंचवीस खुर्च्या मांडतो आणि दहा मिटून कपाटामागं ठेवतो. लोक कमीच आले तर मधल्या खुर्च्या उचलून गोल करून बसायचं. लेखकाला रिकाम्या रांगा दिसता कामा नयेत. सतरा माणसं गोलात बसली की दुकान भरल्यासारखं वाटतं. ओळीनं बसली तर कुणाच्या तरी पुण्यतिथीला जमल्यासारखी दिसतात.

कार्यशाळेत सगळं कोंबणं

लेखन कार्यशाळेला बारा जणांपेक्षा जास्त नकोत, कारण प्रत्येकाचं एक पान तरी वाचलं गेलं पाहिजे. फुकट ठेवलीत तर अर्धे नोंदणीवाले येत नाहीत. दोनशे रुपये घ्या आणि त्याच दिवशी तेवढ्याची पुस्तक-खरेदी वळती करून द्या.

मोडी लिपीच्या कार्यशाळेत आम्ही हात पोळून घेतले. दोन तासांत आधी आडवी रेघ ओढायची, तिला अक्षरं लटकवत न्यायची, हात कमीत कमी उचलायचा, एवढीच ओळख करून द्यायचा बेत होता. पण लोक घरातले जुने कागद घेऊन आले. कुणाकडं देवळाचा हिशेब, कुणाकडं भाटाचा (बागायतीचा) करार. एक आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत चाळीस पानं घेऊन आलेले, काजूच्या बागेचा वाद त्यात लिहिलाय म्हणे. शिकवणाऱ्या बाई बिचाऱ्या वाचत बसल्या आणि वर्ग जागच्या जागी थांबला. चूक लोकांची नव्हती. पत्रिकेत आम्हीच 'जुने कागद वाचायला शिका' असं लिहिलं होतं. जे दोन तासांत होणार नाही ते छापू नका. पुढच्या वेळी आम्ही चार शनिवार ठेवले, आणि कागद दाखवायला शेवटचा एक तास वेगळा काढला.

मुलांच्या कार्यशाळेचं गणित शाळेच्या वेळापत्रकावर असतं. 2025मध्ये सहावीपासून पुढचे बरेच वर्ग एप्रिलमध्येच भरायला लागले. 'परीक्षा संपली, आता सुट्टी' या जुन्या हिशेबानं एप्रिलात ठेवलेली गोष्ट-कार्यशाळा ओस पडली. मे महिन्यात ठेवावी तर मुलं आजोळी. त्यातल्या त्यात सुट्टीचा पहिला आठवडा बरा. आणि सहा वर्षांचं पोर नि तेरा वर्षांचा मुलगा एका सतरंजीवर बसवू नका. लहान रडतं, मोठा मोबाइल काढतो.

ऐन वेळची फजिती

एवढ्याशा जागेत माइक लावू नका, घुमतो. पत्र्याखालचं दुकान असेल तर मात्र जून-जुलैत कार्यक्रमच नको. पाऊस सुरू झाला की लेखकाचे फक्त ओठ हलताना दिसतात. इन्व्हर्टर आदल्या दिवशी चालवून बघा. ओल्या छत्र्यांना दारात बादली. सहीच्या रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठीवर नाव लिहून हातात धरायला सांगा, नाईक आणि नायक यांत एक प्रत वाया जाते आणि त्या प्रतीला गिऱ्हाईक मिळत नाही. प्रश्न विचारायच्या निमित्तानं भाषण ठोकणारा प्रत्येक गावात एक असतो, आमच्याकडं दोन आहेत. त्यांना आधीच चहा वाटायच्या कामाला लावतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर

उरलेला गठ्ठा भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवला तर गोव्याची दमट हवा आपलं काम करते. आधी बुरशीचा वास, मग पानांना लाटा, नंतर कसर. परत पाठवायच्या प्रती त्याच आठवड्यात बांधा, ठेवायच्या त्या फळीवर चढवा.

आणि लेखकाला आकडा कळवा. किती गेल्या, किती उरल्या, पैसे कधी. चार ओळींचा निरोप पुरतो, पण तोच राहून जातो. एका लेखकाला आम्ही तीन महिने काहीच कळवलं नव्हतं. एका शनिवारी तो दुकानात आला, गल्ल्यावर मीच होतो. त्यानं हिशेबाचं काहीच विचारलं नाही. कपाटातून स्वतःच्याच पुस्तकाची एक प्रत काढली, मागची किंमत बघितली आणि पूर्ण पैसे मोजून माझ्यासमोर ठेवले.