परदेशातील सेवाकार्य आणि कॅमेरा : कोल्हापुरातून निघण्याआधीची तयारी

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली, तेव्हा चिखलीच्या माझ्या मावशीला नावेतून बाहेर काढून एका शाळेतल्या छावणीत आणले होते. मदतीचे कीट घेताना तिला दोनदा हात पुढे करायला लावले, कारण पहिला फोटो हलला होता. त्या कीटमधल्या तांदळाबद्दल ती आजही कृतज्ञतेने बोलते, फोटोचा विषय निघाला की मात्र गप्प होते. परदेशात जाऊन काही आठवडे सेवा करावी, तो देश पाहावा आणि छायाचित्रेही काढावीत, असे ज्यांच्या मनात आहे त्यांना मी हा प्रसंग आधी सांगते, कारण पुढचे बहुतेक निर्णय घेताना तो उपयोगी पडतो.

बहुतेक जण आधी देश निवडतात, मग कॅमेरा घेतात आणि शेवटी तिथे कुठे काम मिळते का ते शोधतात. हा क्रम उलटा करावा. आपल्याला कोणते काम नीट येते आणि ते तीन-चार आठवड्यांत कोणाच्या उपयोगी पडेल, हे सर्वप्रथम कागदावर लिहावे. हिशेब ठेवणे, संगणक शिकवणे, रुग्णसेवा, शेतीतील ठिबक सिंचनाची माहिती, अशी कामे हाताशी असलेला माणूस संस्थेला हवा असतो. भिंती रंगवायला किंवा विटा वाहायला परदेशी पाहुण्याची गरज नसते. ती मजुरी गावातल्याच कोणाला तरी मिळालेली बरी.

छायाचित्रण हेच आपले कौशल्य असेल, तर तेच काम म्हणून द्यावे. लहान संस्थांना वार्षिक अहवालासाठी छायाचित्रे लागतात, विणकाम किंवा मातीकाम करणाऱ्या महिला गटांना आपल्या मालाची स्वच्छ छायाचित्रे हवी असतात, आणि जुने अल्बम वाळवीच्या तोंडी जाण्याआधी कोणीतरी त्यांच्या डिजिटल प्रती करून द्याव्यात अशीही गरज असते. मालाच्या छायाचित्रांना महागडे दिवे लागत नाहीत: थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ टेबल, मागे पांढरा कागद आणि दुसऱ्या बाजूने उजेड परतवायला पांढरा पुठ्ठा एवढ्यावर काम होते. त्याहून मोलाचे म्हणजे ही पद्धत तिथल्या एखाद्या मुलीला तिच्याच मोबाइलवर शिकवून यावी, म्हणजे आपण परतल्यावरही गटाचे काम अडत नाही.

एक काम मात्र कितीही प्रेमाने समोर आले तरी नाकारावे, ते म्हणजे अनाथाश्रमात काही दिवस मुलांबरोबर राहण्याचे. अशा अनेक संस्थांतील मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणगीसाठी मुलांना घरापासून तोडून आणल्याचे प्रकार नेपाळ आणि कंबोडियात उघडकीस आलेले आहेत. दर महिन्याला नवा माणूस जीव लावून निघून जातो, याचा त्या मुलांवर होणारा परिणाम तर वेगळाच.

संस्था निवडताना तिची त्या देशातील नोंदणी, मागील वर्षांचे अहवाल आणि आपल्याकडून शुल्क घेणार असल्यास त्याचा तपशील लेखी मागावा. निवास, जेवण आणि प्रकल्प यांवर किती खर्च होतो हे जी संस्था सांगत नाही, तिच्याकडे जाऊ नये. १९७० मध्ये सुरू झालेला आणि जर्मनीतील बॉन येथे मुख्यालय असलेला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम निवड झालेल्यांना निर्वाहभत्ता देतो, त्यामुळे तिथे स्पर्धा असते. मात्र त्याच कार्यक्रमातील ऑनलाइन कामे घरबसल्या करता येतात, आणि पहिल्या अनुभवासाठी मला तो मार्ग सर्वांत चांगला वाटतो.

पहिला देश म्हणून मी नेपाळ सुचवते. भारतीय नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालते, पण केवळ आधार कार्डावर विसंबून निघू नये. गोरखपूरपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून सुनौलीची सीमा रस्त्याने ओलांडता येते. मराठी माणसाला तिथे आणखी एक सोय आहे: नेपाळी भाषा देवनागरीतच लिहिली जाते, त्यामुळे पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात आणि संमतीपत्र समोरच्यासमोर वाचून दाखवता येते. ‘फोटो खिच्न मिल्छ?’ (फोटो काढला तर चालेल का?) एवढे वाक्य पाठ करावे आणि उत्तर येईपर्यंत कॅमेरा खालीच ठेवावा.

इतर देशांत व्हिसाचा प्रकार काळजीपूर्वक तपासावा, कारण बिनपगारी कामही अनेक ठिकाणी काम मानले जाते आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच सेवा करता येते, आणि तीही प्रवासाचा मुख्य हेतू वेगळा असेल तरच. त्याहून अधिक काळासाठी वेगळा व्हिसा घ्यावा लागतो. केनिया, युगांडा यांसारख्या देशांत जायचे असल्यास पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवावे. ते नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते.

सराव मात्र कोल्हापुरातच करावा, आणि त्यासाठी कुस्तीच्या तालमीइतकी चांगली शाळा मला माहीत नाही. पहाटेचा मंद उजेड, लाल मातीची धूळ आणि क्षणात बदलणारा डाव यांमुळे कॅमेऱ्याचे सगळे गणित शिकावे लागते. पण खरा धडा त्याआधीचा आहे. तालमीत वस्तादांना विचारल्याशिवाय कोणी कॅमेरा काढत नाही. आधी चप्पल बाहेर, मग नमस्कार, मग हौद्यापासून, म्हणजे कुस्तीच्या मातीपासून, दूर बसणे, आणि वस्तादांनी मान हलवली की मगच पहिला फोटो. हिवाळ्यात एखाद्या गुऱ्हाळावर दिवस काढावा. काहिलीतल्या रसाची वाफ थंड लेन्सवर धरते, म्हणून कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास तिथल्या उबेत ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात गुळव्याशी बोलणेही होते. अनोळखी माणसांच्या कामात न लुडबुडता त्यांच्यात कसे वावरायचे, हे इथे जमले तर काठमांडूत किंवा नैरोबीतही जमेल.

सामान थोडे न्यावे: एक कॅमेरा, एक ३५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स आणि फार तर एक झूम. मोठ्या लेन्सने दुरून चेहरे टिपण्याचा मोह होतो, तर लहान लेन्ससाठी जवळ जावे लागते, म्हणजे विचारावेही लागते. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात केबिनमधल्या सामानातच ठेवाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या चालतात, त्याहून मोठ्यांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. कॅमेरा महाग असेल तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे येताना त्यावर शुल्क भरण्याचा प्रश्न येत नाही. ड्रोन घरीच ठेवावा. छायाचित्रांच्या रोज रात्री दोन प्रती करून त्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात.

कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिला आठवडा कॅमेरा बाहेर काढू नये, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. लोकांना आपण कामाचा माणूस म्हणून माहीत झालो की मगच आपल्या हातातली ही वस्तू त्यांना परकी वाटत नाही. संमती दोनदा घ्यावी: एकदा फोटो काढण्यासाठी आणि नंतर तो दाखवून, कुठे छापला जाईल ते सांगून, वापरण्यासाठी. ‘नाही’ म्हणणाऱ्याचा फोटो त्याच्यासमोर पुसावा. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती हवी, आणि चेहऱ्यासोबत नाव, गावाचे नाव किंवा गणवेशावरील शाळेचा बिल्ला एकत्र येऊ देऊ नये; मोबाइलमधील स्थाननोंदही बंद ठेवावी. धान्य, औषध किंवा पैसे घेणाऱ्याचा हात टिपू नये. त्याच माणसाला दुपारी शेतात, चुलीजवळ किंवा नातवाला खेळवताना भेटावे आणि त्याला आवडेल असा फोटो काढावा.

सेवेचे तास आणि भटकंतीचे दिवस वेगळे ठेवावेत. चार आठवडे काम आणि त्यानंतर आठ-दहा दिवस प्रवास, अशी विभागणी केली तर दोन्हींना न्याय मिळतो. कामाच्या दिवसांतच डोंगर पाहायला पळणारा स्वयंसेवक संस्थेला ओझे वाटतो.

घरी परतल्यावर पहिल्या पंधरवड्यात मूळ फाइल्स संस्थेला द्याव्यात आणि त्या कशासाठी वापरता येतील हे लेखी कळवावे. मग ज्यांचे फोटो काढले त्यांच्यासाठी ४ बाय ६ इंचांचे प्रिंट काढून घ्यावेत, प्रत्येकाच्या मागे त्या माणसाचे नाव मऊ पेन्सिलीने लिहावे, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, आणि पुठ्ठ्यात घालून ते पाकीट स्पीड पोस्टाने संस्थेच्या पत्त्यावर पाठवावे.