काही बाटल्या फसफसायच्या, काही मिळमिळीत

घरी केलेली, एकाच पिंपातली बिअर, पण एक बाटली उघडली की फेस टेबलभर आणि दुसरीत बुडबुडाही नाही. यीस्टवर संशय घेऊन झाला, झाकणांवरही झाला. गोम निघाली साखरेत. बाटली भरताना थोडी साखर घालतात, ती यीस्ट खातं आणि बंद बाटलीत कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो; फेस त्याचाच. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घातली की चमचा कधी सपाट, कधी शिगोशीग, आणि लहान बाटलीत तो फरक फार मोठा ठरतो. वर कोरडी साखर पडताच बिअर उसळते, ते वेगळंच.

आता साखर वजन करूनच घेतो. २० अंश सेल्सिअसला आंबलेल्या बिअरमध्ये थोडा वायू आधीच विरघळलेला असतो, तो धरून लिटरला साधारण ६ ग्रॅम साधी साखर पुरते. म्हणजे २० लिटरला १२० ग्रॅम. डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची साखर) वापरलं तर थोडं जास्त लागतं. मोजलेली साखर कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळायची, पाक रिकाम्या स्वच्छ बादलीच्या तळाशी ओतायचा आणि बिअर नळीने त्यावर सोडायची. नळीचं टोक तळाला, बादलीच्या कडेला टेकवून ठेवलं की बिअर गोल फिरत भरते आणि पाक आपोआप मिसळतो. तरी मी निर्जंतुक चमच्याने एकदा हलक्या हाताने ढवळतोच. खळखळाट मात्र नको, हवा मिसळली की चव बिघडते.

हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा दोन-तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरा. आंबणं अर्धवट असेल तर मोजलेली साखरही बाटली फोडते.