रोहित (फ्लेमिंगो) बघायला निघताय? आधी भरतीची वेळ बघा

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात मुलांना नेताना सुट्टीचा वार नंतर बघा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीला पाणी लागतं, त्यामुळे फेऱ्यांच्या वेळा रोज बदलतात. शाळेची सहल असेल तर बसची वेळ बोटीचं आरक्षण झाल्यावरच ठरवा. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. मेमध्ये ऊन सोसवत नाही, जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

पक्षी लांब असले तर मुलं कंटाळतात. मग तिवरं (खारफुटीची झाडं) दाखवा: चिखलातून वर आलेली, श्वास घेणारी मुळं आणि पानांवर साचलेलं मीठ. माझ्या मते खरी शाळा इथेच भरते. दुर्बीण मात्र न्याच, दोघांत एक पुरते.