मुलांच्या साथरोगांची नोंदवही कशी ठेवावी

वस्तीतल्या मुलांमध्ये गोवर, कांजिण्या, गालगुंड किंवा डांग्या खोकला पसरतो आहे का, हे वेळेत कळण्यासाठी साधी वहीही पुरते. मात्र तीत कोणाला मोजायचे, हे पहिल्या नोंदीआधी ठरलेले असावे. ताप आणि पाणी न धरणारे पुरळ असलेले प्रत्येक मूल ‘संशयित गोवर’ मानायचे ठरले, की ही व्याख्या मध्येच बदलू नये. नाहीतर रुग्ण वाढले की मोजणीच सैल झाली, हे सांगता येत नाही.

नावाऐवजी क्रमांक, वय, राहण्याचा भाग, शाळा किंवा पाळणाघर आणि लसींच्या मात्रा (शक्यतो कार्ड पाहून, कारण पालकांची आठवण दगा देते) एवढे रकाने असावेत. पण वहीचा खरा कणा म्हणजे लक्षणे सुरू झाल्याची तारीख. बहुतेक वह्या इथेच फसतात, कारण त्यांत मूल दवाखान्यात आले तो दिवस लिहिलेला असतो. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पीटर लुडविग पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने संपर्काच्या आणि पुरळाच्या तारखा जुळवून पाहिल्या आणि दोहोंमध्ये साधारण १३ ते १४ दिवस जातात, हे दाखवून दिले. त्याच्याजवळ प्रयोगशाळेतील तपासणी नव्हती, तारखा होत्या.

गोवराच्या पुरळाची तारीख हाती आली, की लागण कुठे झाली हे शोधण्यासाठी ७ ते २१ दिवस मागे जावे. मुलाने कोणाला लागण दिली असेल, हे पाहण्यासाठी पुरळाआधीचे आणि नंतरचे ४-४ दिवस तपासावेत. कांजिण्यांत मागे जाण्याचा काळ १० ते २१ दिवसांचा असतो, आणि सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मूल संसर्ग देऊ शकते. डांग्या खोकल्यात उबळ सुरू झाल्याचा दिवस फसवा असतो. त्याच्या एक-दोन आठवडे आधीची साधी वाटणारी सर्दी हीच खरी सुरुवात असल्याने पालकांना तिच्याविषयी आवर्जून विचारावे.

ज्या आठवड्यात एकही रुग्ण नसेल, त्या आठवड्यापुढे शून्य लिहावे, कारण कोऱ्या जागेवरून रुग्ण नव्हता की कोणी विचारलेच नाही, हे कळत नाही. संशयित गोवराचा एकही रुग्ण आढळल्यास वहीत संख्या वाढण्याची वाट न पाहता आरोग्य यंत्रणेला त्याच दिवशी कळवावे; निदान तपासणीने पक्के होईल. शेवटच्या रुग्णाच्या पुरळानंतर ४२ दिवस, म्हणजे २१ दिवसांचे दोन कालावधी, नवा रुग्ण न आढळता गेले, तरच गोवराचा उद्रेक संपल्याची नोंद करावी.