उपाशी न ठेवता लहान राखलेलं नांदरूक

नाशकात सदाहरित बोन्साय करायचं असेल तर पाईन आणि जुनिपरचा नाद सोडा, असंच मी प्रत्येकाला सांगते. ती थंड हवेत रमणारी झाडं. आपल्या गच्चीवरचा एप्रिल-मे त्यांना मानवत नाही. नांदरूक घ्या. वडाच्या कुळातलं, बारमाही हिरवं, जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या फटीतही तग धरणारं. नर्सरीत ‘फायकस’ म्हटलं की दाखवतात. रोप निवडताना शेंड्याकडे बघू नका; माती बोटाने बाजूला करून बुंधा बघा. खाली रुंद, वर निमुळता, आणि मुळं चहूबाजूंनी पसरलेली हवीत. फांद्या पुढे हव्या तशा वाढवता येतात, पण उथळ कुंडीत बुंधा जाड व्हायला फार वर्षं जातात.

बोन्साय म्हणजे उपाशी ठेवून खुरटवलेलं झाड, असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. झाड लहान राहतं ते छाटणीने. आणि वरचेवर छाटायचं तर त्याला खाऊपिऊ नीट घालावंच लागतं. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी बघतच मी मोठी झाले. बाग दोनदा छाटतात म्हणून कुणी तिचं खत तोडत नाही.

नांदरुकाचा कोंब सहा-आठ पानांचा होऊ द्यायचा आणि मग दोन-तीन पानं राखून वरचं कापायचं. शेवटच्या राखलेल्या पानाच्या बेचक्यातला डोळा, म्हणजे बारीक अंकुर, फुटतो आणि पान ज्या अंगाला असेल तिकडे नवी फांदी जाते. म्हणून बाहेरच्या अंगाच्या पानावर कापा. आतल्या अंगाच्या पानावर कापलं तर फांद्यांची गुंतवळ होते. कापल्यावर पांढरा चीक येतो, पाणी फवारलं की थांबतो. कपड्यावर त्याचा डाग पडतो, आणि तो डोळ्यात मुळीच जाऊ देऊ नका.

शेतातली काळी माती कुंडीत घालू नका. ती पावसात चिकट होते, उन्हात भेगाळते, आणि दोन्हींत मुळांचे हाल होतात. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे दोन भाग, जाड वाळू एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, आणि सगळं चाळून धूळ काढलेलं. कुंडी बदलायची ती मृगाचा पाऊस लागल्यावर, हवा दमट झाली की. कोवळ्या झाडाची दर दोन वर्षांनी, जुन्याची त्याहून उशिरा. खाली जाणारी जाड मुळं कापा, बारीक तंतुमुळं राखा, एकूण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढू नका. झाड तारेने कुंडीला बांधा, म्हणजे वाऱ्याने हलून नवी मुळं तुटत नाहीत. पुढचे दोन-तीन आठवडे सावली, आणि खत बंद.

पाण्याला वेळापत्रक नाही. रोज बोट खुपसून बघायचं. वरची माती कोरडी लागली तर तळातून वाहीपर्यंत घालायचं. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ घालावं लागतं आणि दुपारी शेडनेटही हवं. डिसेंबर-जानेवारीत कडाका पडला की रात्री कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्या. दिवाणखान्यात मात्र कायमची ठेवू नका. पाहुणे येणार असतील तर एखादा दिवस, मग परत उजेडात.

वळण द्यायला ॲल्युमिनियमची तार, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. पावसाळ्यात फांदी भराभर फुगते, त्यामुळे दर आठवड्याला तार तपासा. सालीत रुतू लागली की तिचे तुकडे करून काढा. उलटी सोडवत बसलात तर फांदी मोडते.

पान मधोमध दुमडलेलं दिसलं तर उघडून बघा. आत बारीक काळे किडे असतील तर ते फुलकिडे. ती पानं तोडून घराबाहेर टाका आणि संध्याकाळी निंबोळी तेल फवारा.

जागा बदलली की नांदरूक पानं गाळतं. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका. फांदीची साल नखाने जराशी खरवडा. खाली हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. नवे कोंब येईपर्यंत कुंडी हलवू नका आणि कात्रीही लावू नका.