'द विचर 3' सर्वांत कठीण पातळीवर कसा खेळावा: व्हाइट ऑर्चर्ड पार होईपर्यंत

गेल्या पावसाळ्यात गोव्यात साखळीला घरी बसून मी 'द विचर 3' हा व्हिडिओ गेम डेथ मार्च या सर्वांत कठीण पातळीवर नव्याने सुरू केला. त्याआधी सोप्या पातळीवर तो दोनदा संपवला होता. हात बसलाय, नकाशा पाठ आहे, आता काय अडणार, असं वाटत होतं. सुरुवातीलाच गेमचा नायक गेराल्ट आणि त्याचा गुरू व्हेसेमिर यांच्या मुक्कामावर घूल, म्हणजे प्रेतं खाणारे राक्षस, चालून येतात. तिथे काही सेकंदांत माझा गेराल्ट आडवा झाला. परत सुरू केलं, परत आडवा. शेजारी वाती वळत बसलेल्या आईने मान वर न करता कोंकणीत विचारलं, "परत मेलो?"

त्या रात्री तो सहा वेळा मेला आणि सातव्या वेळी मी घूलांना मारलं. नंतर डेथ मार्चवर पूर्ण खेळ संपवला. ज्यांनी हा गेम साध्या पातळीवर खेळलाय आणि आता कठीण पातळीला हात घालायचाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सुरुवातीचा व्हाइट ऑर्चर्डचा प्रदेश नीट पार झाला की पुढचं पुष्कळ सोपं जातं, म्हणून तेवढ्याचंच सविस्तर लिहिते.

पातळी बदलली की काय बदलतं

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने 2015 च्या मे महिन्यात आणलेल्या या गेमला चार पातळ्या आहेत. डेथ मार्च ही शेवटची. शत्रूचा फटका जबर लागतो आणि त्याला मारायला जास्त वार लागतात, हा बदल सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा बदल मात्र खेळायला बसेपर्यंत जाणवत नाही: वरच्या दोन पातळ्यांवर ध्यानाला बसून जखमा भरत नाहीत. सोप्या पातळीवर लढाई संपली की तासभर ध्यान करायचं, गेराल्ट ठणठणीत. इथे ध्यानातून उठलेला गेराल्ट तेवढाच जखमी असतो.

त्यामुळे रक्त भरून काढायला खाणं, औषध किंवा कौशल्य यांतलंच काहीतरी हवं. मला या पातळीचं मोल इथेच वाटतं. विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा कारागीर. त्याने आधी माग काढायचा, प्राण्याची माहिती गोळा करायची, औषधं बनवायची आणि मग तलवार उपसायची, असा त्याचा धंदा. सोप्या पातळीवर यातलं काहीच न करता खेळ पुढे सरकतो. डेथ मार्चवर तो धंदा खरोखर शिकावा लागतो.

सुरू करण्याआधी

सेटिंगमध्ये शत्रूंची पातळी तुमच्या पातळीबरोबर वाढवण्याचा एक पर्याय आहे, तो पहिल्या खेपेला बंद ठेवा. खेळाच्या कठीणपणाची पातळी मध्येच खाली आणता येते, पण सर्वांत कठीण पातळीवर खेळ संपवल्याची ट्रॉफी हवी असेल तर आणू नका.

सेव्ह करायची सवय पहिल्या मिनिटापासून लावा. लढाई चालू असताना सेव्ह होत नाही. गेम आपोआप सेव्ह करतो तो बहुतेक कामगिरीच्या टप्प्यांवर. तुम्ही रानात मुळ्या-पाल्या गोळा करत भटकत असाल, तर तासभरात एकदाही सेव्ह झालेलं नसू शकतं. आमच्याकडे जुलैत गडगडाट झाला की वीज जाते, हे जन्मापासून माहीत असूनही मी एका रात्री दोन तासांचा खेळ घालवला. आता दर मोठ्या ठिकाणी पोचल्यावर आणि दर लढाईआधी हाताने सेव्ह करते, तेही आलटून पालटून तीन वेगवेगळ्या जागी. एकच सेव्ह ठेवला आणि तो नेमका मरणाच्या दारात झाला, तर तिथून सुटका नाही.

क्वेन आणि बाजूला सरकणं

गेराल्टकडे पाच चिन्हं, म्हणजे छोटे मंत्र, आहेत: आर्ड, इग्नी, यर्डेन, क्वेन आणि अक्सी. व्हाइट ऑर्चर्डमध्ये तुमचं आयुष्य क्वेनवर चालतं. ते अंगाभोवती कवच उभं करतं आणि पुढचा फटका झेलतं. ते टाकल्यावर स्टॅमिनाची पट्टी रिकामी होते, म्हणून शत्रू दिसण्याआधीच क्वेन टाकायचं, पट्टी भरू द्यायची आणि मग पुढे जायचं. अशाने लढाईत शिरताना एक कवच अंगावर आणि दुसरं हातात असतं. कवच फुटलं की दोन पावलं मागे, परत क्वेन, परत आत. हलकं चिलखत घातलं तर स्टॅमिना लवकर भरतो. सुरुवातीला जाड चिलखतापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

चुकवण्याच्या दोन हालचाली आहेत, छोटी उडी आणि लोळण. नवखा माणूस घाबरून सारखा लोळतो. लोळण घेतली की तुम्ही इतके दूर जाता की उलट वार करायची संधीच जाते. छोट्या उडीने शत्रूच्या बाजूला किंवा पाठीशी जा, दोन वार करा आणि बाहेर पडा. हाव धरून तिसरा वार केला की मार बसतो. लोळण ग्रिफिनसारख्या मोठ्या जनावराच्या झडपेसाठी राखून ठेवा. माणसांशी लढताना समोरचा वार अडवून उलटवता येतो. भाले, मोठे हातोडे घेतलेल्यांच्या बाबतीत तसं करू नका, बाजूलाच सरका.

एकाहून अधिक शत्रू असतील तर सगळे पडद्यावर दिसत राहतील असं फिरत राहायचं. नदीकाठी तीन ड्राउनर, म्हणजे पाण्यातले राक्षस, अंगावर आले की दोघांकडे तुमचं लक्ष असतं आणि तिसरा पाठीवर उडी मारतो. मी काठाकडे पाठ करून उभी राहायचे आणि मरायचे. पुढे ध्यानात आलं की त्यांना पाण्यापासून दूर, मोकळ्या जागी ओढत न्यायचं, तिघे एका रांगेत आले की इग्नीचा आगीचा झोत टाकायचा आणि जो पेटून चाचपडतो त्याच्यावर आधी वार करायचे. जंगली कुत्रे आणि लांडगे यांनाही कमी लेखू नका. सुरुवातीच्या काळात चार कुत्र्यांचा कळप ड्राउनरपेक्षा वाईट. त्यांच्यासाठी पोलादी तलवार, राक्षसांसाठी चांदीची.

माटोळीची सवय

चवथीच्या आधी आमच्याकडे माटोळीचं सामान गोळा करतात. गणपतीच्या वर बांधायच्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, कांगलं, माट्टी आणि रानातली कितीतरी फळं, पानं लटकवतात. सत्तरीत माझा मावसभाऊ राहतो. तो माटोळीसाठी मुद्दाम रानात गेला असं क्वचितच होतं. गुरांमागे, कुळागराकडे, ओहोळावर जाता-येता कुठे काय धरलंय ते तो महिनाभर बघून ठेवतो आणि शेवटच्या दोन दिवसांत बरोबर तिथूनच काढून आणतो.

डेथ मार्चवर वनस्पती अशाच गोळा करा. वाटेत दिसली की थांबा, तोडा, पुढे जा. घोड्यावरून रस्त्यारस्त्याने भरधाव गेलात तर पिशवी रिकामी राहील. सर्वांत गरजेचं औषध स्वॅलो, त्याने जखमा हळूहळू भरतात. त्याला पाच सेलंडाइन, एक ड्राउनरचा मेंदू आणि एक ड्वार्व्हन स्पिरिटची बाटली लागते. सेलंडाइन व्हाइट ऑर्चर्डमध्ये भरपूर उगवतं, मेंदू नदीकाठच्या त्या तिघांकडून मिळतो. वनौषधी विकणाऱ्या तोमिराच्या झोपडीतही फेरी मारा.

औषध एकदाच बनवावं लागतं, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नंतर ध्यानाला बसलात आणि पिशवीत एक कडक दारूची बाटली असली, की संपलेली सगळी औषधं आणि बॉम्ब पुन्हा भरतात. बिअर किंवा वाइन चालत नाही. ड्वार्व्हन स्पिरिट, टेमेरियन राय असली कडक दारू लागते. म्हणून ती कधी विकू नका, मिळेल तिथून उचला. ध्यानाने जखमा भरत नसल्या तरी ध्यानाने स्वॅलो भरतं आणि स्वॅलोने जखमा भरतात. हा फेरा जमला की निम्मा खेळ जमला. औषधाने अंगातलं विष मात्र वाढतं, म्हणून एकावर एक ढोसत राहू नका.

लढाई नसताना पाव, मांस, फळं खाऊन भागवा आणि औषध लढाईसाठी ठेवा.

गुण कुठे खर्च करायचे

गेराल्टची पातळी वाढली की कौशल्यासाठी एक गुण मिळतो. पण व्हाइट ऑर्चर्डमध्ये पातळी फारशी वाढत नाही आणि राक्षस मारून अनुभव थोडाच मिळतो. तो येतो कामगिऱ्यांमधून. गुणांची खरी खाण म्हणजे शक्तिस्थळं. दगडी खांबासारखी ही ठिकाणं पहिल्यांदा वापरली की प्रत्येकी एक गुण देतात आणि या छोट्या प्रदेशात ती सहा आहेत. काहींच्या भोवती राखणदार असतात. ती शेवटी घ्या, पण सहाही घेतल्याशिवाय हा प्रदेश सोडू नका.

पहिला गुण मी 'सन अँड स्टार्स'वर टाकते. दिवसा, लढाई नसताना, त्याने जखमा आपोआप भरतात. वनस्पती गोळा करत फिरता फिरताच गेराल्ट बरा होतो. 'गुर्मे' घेतलं तर एकदा खाल्लेल्या घासाचा परिणाम कितीतरी मिनिटं टिकतो. दोन्ही घ्यायची गरज नाही, एक पुरे. पुढचे गुण जलद वारावर आणि क्वेनवर. कौशल्य विकत घेऊन ते खाचेत बसवायला विसरलात तर त्याचा काडीचा उपयोग नाही. मी वेलन या पुढच्या प्रदेशात पोचेपर्यंत एक गुण तसाच वाया ठेवला होता.

व्हाइट ऑर्चर्डमध्येच विचरांच्या व्हायपर शाळेच्या दोन तलवारींचे आराखडे मिळतात. चांदीच्या तलवारीचा आराखडा स्मशानातल्या भुयारात आहे. लोहाराकडून त्या बनवून घ्या. साण दिसली की तलवारीला धार लावून घ्या, काही वेळ वार जास्त लागतात.

विहिरीवरची नूनरेथ

ही लढाई जवळून सांगते, कारण वर सांगितलेलं सगळं हिच्यात एकदम लागतं. ओसाड पडलेल्या वस्तीतल्या विहिरीवर भर दुपारी एका मेलेल्या बाईचा आत्मा, म्हणजे नूनरेथ, दिसतो. तिचं काम घेतलं की आधी माग काढा: विहिरीत उतरा, तिचं कंकण वर आणा आणि तिचे अवशेष जाळा. लढाईच्या आधी बेस्टियरी, म्हणजे गेममधली राक्षसांची माहितीवही, उघडा. कुठल्या प्राण्यावर कुठलं तेल, कुठलं चिन्ह चालतं ते तिथे लिहिलेलं असतं आणि या पातळीवर तो मजकूर वाचूनच पुढे जायचं. नूनरेथसाठी यर्डेन आणि आत्म्यांवरचं तेल, असं तिथे दिसेल.

क्वेन टाका, पट्टी भरू द्या, मग जमिनीवर यर्डेनचं वर्तुळ काढा आणि त्याच्या आत उभे राहा. वर्तुळाबाहेर ती धुक्यासारखी असते, तलवार आरपार जाते. तिच्या मागे धावू नका, मी धावले आणि तीनदा मेले. ती आत आली की मंदावते आणि घट्ट होते. दोन वार, बाजूला उडी, दोन वार. वर्तुळ विझलं की सगळं सोडून फक्त चुकवत राहा आणि स्टॅमिना भरला की नवं काढा. मध्येच ती स्वतःसारख्या प्रतिमा उभ्या करते आणि त्यांच्यातून बळ घेते. तेव्हा तिला सोडून आधी प्रतिमा फोडा. रक्त निम्म्यावर आलं की स्वॅलो घ्या, अगदी तळाला जाईपर्यंत थांबू नका, कारण ते सावकाश काम करतं.

मला ती आठव्या खेपेला सापडली. बाहेर पाऊस कोसळत होता, आई झोपली होती आणि मला उठून नाचावंसं वाटलं.

त्यानंतर ग्रिफिनची लढाई कठीण वाटत नाही. व्हेसेमिर सोबत असतो आणि तो क्रॉसबोही देतो. ग्रिफिन हवेत असेल तेव्हा क्रॉसबोने किंवा आर्डच्या धक्क्याने खाली पाडा, पडला की पाठीमागून वार करा, झडप घालताना लोळण घ्या.

वेलनमध्ये उतरल्यावर

वेलन मोठं आहे आणि तिथे कोणी वाट अडवत नाही. ज्या शत्रूच्या नावाशेजारी लाल कवटी दिसते, तो तुमच्याहून फार वरच्या पातळीचा असतो. त्याच्याकडे आत्ता जाऊ नका, जागा लक्षात ठेवा आणि नंतर या. सुरुवातीला मुख्य कथेच्या आणि गावांतल्या फलकांवरच्या, तुमच्या पातळीच्या आसपासच्या कामगिऱ्या घ्या. 11व्या पातळीला ग्रिफिन शाळेचं चिलखत घालता येतं, तोवर त्याचे आराखडे शोधून ठेवा.

आणि पहिल्या फलकावरचं काम घेण्याआधी पिशवीतल्या कडक दारूच्या बाटल्या मोजा. तीनपेक्षा कमी असतील तर आधी खानावळीत जा.