मूल म्हणतं, ‘तू एवढीशी दिसतेस’: डॉक्टरांकडे जाण्याआधी काय टिपून ठेवायचं

झोपायच्या वेळी मूल म्हणतं, “आई, तू लांब गेलीस,” आणि आई तर शेजारीच पडलेली असते. कधी भिंत अंगावर येते, कधी स्वतःचाच हात भलामोठा वाटतो. याला ‘ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम’ म्हणतात. १९५५ साली जॉन टॉड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने याचं वर्णन केलं, म्हणून याला टॉड सिंड्रोम असंही म्हणतात. बहुतेक मुलांत ते आपोआप जातं. पण “विचित्र दिसतं” या दोन शब्दांत आणखी बरंच काही लपू शकतं, आणि ते वेगळं काढायला लागणारी माहिती फक्त घरच्यांकडे असते.

आधी, थांबायचं नाही अशा गोष्टी. अचानक आलेला तिरळेपणा, एकाएकी दोन-दोन दिसणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, चालताना तोल जाणं, शुद्ध हरपणं, डोक्याला किंवा डोळ्याला मार लागल्यानंतर सुरू झालेली तक्रार: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी दिसली, तरी लगेच दाखवा. मूल नाकाच्या बाजूला तिरकं बघत असलं तर निरोगी डोळ्यातही कधी तसं दिसतं, पण तो निर्णय घरी घ्यायचा नाही. डोळ्यातल्या गाठीची ती पहिली खूण असू शकते.

बाकीच्या तक्रारींत सगळं अवलंबून असतं विचारण्यावर. “तुला दोन दिसतात का?” असं विचारलं की चार वर्षांचं मूल हो म्हणतं, “तीन दिसतात का?” म्हटलं तरी हो म्हणेल. म्हणून फक्त “काय दिसतंय ते सांग” एवढंच. शब्द अपुरे पडले तर समोर पेला ठेवा आणि “केवढा दिसतोय, हाताने दाखव” म्हणा. कागद-रंग दिले तर आणखी बरं, कारण नागमोडी रेघ आणि रंगीत गोळे यांतला फरक चित्रात सरळ दिसतो. त्या कागदावर तारीख घालून जपून ठेवा.

प्रत्यक्ष त्रास होत असताना पहिली नजर घड्याळाकडे. मग दिवा लावा आणि मोबाइलवर मुलाच्या चेहऱ्याचं चित्रण सुरू करा. डोळे आणि दोन्ही हात चौकटीत हवेत. नावाने हाक मारा. एक साधा शब्द सांगा, समजा ‘पतंग’, आणि सगळं थांबल्यावर विचारा, कोणता शब्द सांगितला होता? आठवला नाही, तर त्या वेळी भान हरपलं होतं का हा प्रश्न उभा राहतो, आणि डॉक्टरांना तेच हवं असतं.

मग एकेक डोळा झाका. हाताने नको, मूल बोटांच्या फटीतून बघतं; घडी केलेला रुमाल धरा, पण डोळा दाबू नका, नाहीतर उघडल्यावर तोच डोळा धूसर दिसेल. कुठलाही एक डोळा झाकल्यावर दोन-दोन दिसणं थांबलं, तर दोन डोळे एका रेषेत नाहीत असं समजा. तक्रार एकाच डोळ्याची असेल तर दोष बहुधा त्या डोळ्यात. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघून सारखंच विचित्र दिसत असेल, तर शोध बहुतेक मेंदूकडे वळतो.

वेळही बरंच सांगते. रंगीत गोळे काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं, तेही एकाच बाजूला: फीटची शंका. हळूहळू पसरणारी, चमचमणारी नागमोडी रेघ पाच मिनिटं ते तासभर: मायग्रेन. लहान मुलांत त्यामागून डोकं दुखेलच असं नाही, नुसती उलटी किंवा पोटदुखीही होते. वस्तू लहान-मोठ्या दिसणं मायग्रेनखेरीज तापात, आणि घसा सुजून मानेत गाठी येणाऱ्या विषाणूच्या आजारानंतरही होतं. म्हणून मागच्या काही आठवड्यांतली आजारपणं, चालू औषधं (खोकल्याचीसुद्धा; बाटल्याच घेऊन जा) आणि घरात कुणाला मायग्रेन किंवा फीट आहे का, हे एका पानावर लिहा. दहा पानांची वही कुणी वाचत नाही.

तपासणीची सुरुवात मुलांच्या नेत्रतज्ज्ञाकडून करा. थेंब घालून बाहुली मोठी करतात, त्यानंतर साधारण दिवसभर जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही. टोपी बरोबर ठेवा, त्या दिवशी लिहायचा अभ्यास नको. “डोळे नॉर्मल आहेत” याचा अर्थ मूल खोटं बोलतंय असा नाही. तेव्हा मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवाल का, हे आपणहून विचारा.

ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, सांगितला तर आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल लावू नका, तारा नीट चिकटत नाहीत. किती वेळ जागवायचं तेही विचारून घ्या, कारण बऱ्याचदा तपासणीत मूल झोपायला हवं असतं. ईईजी चांगला आला तरी चित्रण पुसू नका: दोन फीटांच्या मधल्या काळात तो नॉर्मल येऊ शकतो.